ट्रॅक्टर तापतोय? थर्मोस्टॅट काढून फेकण्याआधी तपासा

उन्हाळी नांगरट आणि रोटाव्हेटरचे दिवस सुरू झाले की इंजिन तापण्याविषयीची पत्रे वाढतात. या वेळची बरीचशी पत्रे थर्मोस्टॅट या एकाच सुट्या भागाभोवती फिरतात, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. खालचे आकडे पाण्याने थंड होणाऱ्या, ३५ ते ५५ अश्वशक्तीच्या नेहमीच्या डिझेल इंजिनांसाठी आहेत. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरावा.

प्रश्न : ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा आहे. रिकामा कितीही चालवला तरी तक्रार नाही, पण रोटाव्हेटर लावला की तासाभरात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो. रेडिएटर बाहेरून धुऊन घेतला, फॅनचा पट्टा नवीन आहे, पाणी कमी होत नाही. मिस्त्री म्हणतात, थर्मोस्टॅट गेलाय, काढून टाकू. तो खरेच गेला आहे हे ओळखायचे कसे? (परभणी जिल्हा)

उत्तर : काढून टाकू नका; काढून तपासा. हा भाग काही शे रुपयांचा आहे आणि त्याची परीक्षा पातेलेभर गरम पाण्यात होते. एवढी सोपी खात्री हाताशी असताना अंदाजाने निर्णय घेण्याचे कारण नाही.

आधी तो करतो काय ते पाहू. इंजिनच्या हेडमधून (सिलिंडरवरच्या ओतीव झाकणातून) गरम पाणी जिथून वरच्या होज पाईपमध्ये शिरते, तिथल्या छोट्या ओतीव घरात थर्मोस्टॅट बसवलेला असतो. त्यात पितळी किंवा तांब्याची डबी असते आणि डबीत मेण. ठरावीक तापमानाला मेण वितळून फुगते, दांडी ढकलते आणि झडप उघडते. मग पाणी रेडिएटरकडे जाते. इंजिन थंड झाले की मेण आकसते आणि स्प्रिंग झडप बंद करते. झडप उघडायला सुरुवात होण्याचे तापमान त्याच्यावर कोरलेले असते : ७१, ७६, ८२ किंवा ८८ अंश सेल्सिअस. पूर्ण उघडायला त्याच्यापुढे साधारण १० ते १५ अंश लागतात. म्हणजे ८२ चा थर्मोस्टॅट ९५ च्या आसपास पूर्ण उघडतो.

बिघाड तीन तऱ्हांचा असतो. डबीतले रबर फाटून मेण गळाले की दांडी ढकलली जात नाही, स्प्रिंग झडप दाबून धरते आणि ती बंदच राहते. स्प्रिंग तुटली किंवा झडपेत कचरा अडकला तर ती उघडीच राहते. तिसरी तऱ्हा म्हणजे दांडीवर गंज आणि क्षार चढून झडप अर्धीच उघडणे. रिकामे चालताना अर्ध्या वाटेने जाणारे पाणी पुरते, रोटाव्हेटरच्या भाराला पुरत नाही. तुमचे लक्षण या तिसऱ्या तऱ्हेशी जुळते. पण रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्या असतील तरी हुबेहूब हेच होते, आणि बाहेरून धुतल्याने आतला गाळ निघत नाही. म्हणून तपास क्रमाने करा.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून पाण्याची पातळी बघा. पाणी कमी असेल तर पुढची कुठलीही खूण विश्वासाची राहत नाही. नंतर इंजिन सुरू करून १५०० आरपीएमवर ठेवा आणि वरच्या होजला रेडिएटरच्या बाजूने अधूनमधून हात लावा. फॅन आणि पट्ट्यापासून बाह्या, उपरणे दूर ठेवा. डिझेल इंजिन नुसते उभे राहून लवकर तापत नाही, म्हणून दहा-पंधरा मिनिटांनंतर थोडा भार देऊन पाहावे लागते. थर्मोस्टॅट चांगला असेल तर काटा मधल्या खुणेजवळ येईपर्यंत होज गार किंवा कोमट राहतो आणि मग मिनिटा-दोन मिनिटांत हाताला चटका बसेल इतका तापतो. सुरू केल्यापासून होज हळूहळू कोमट होत गेला तर झडप उघडी अडकली आहे. काटा लालकडे गेला आणि होज अजून कोमटच असेल तर झडप बंद आहे, किंवा पाण्याचा पंप पाणी ढकलत नाही.

तापमान मोजायची बंदूक मिळाली तर काम नेमके होते. चकचकीत धातूवर ती कमी आकडा दाखवते, म्हणून जिथे मोजायचे तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवा. एक तुकडा थर्मोस्टॅटच्या घराखाली हेडवर, दुसरा घराच्या तोंडाशी, तिसरा रेडिएटरच्या वरच्या टाकीवर, चौथा खालच्या टाकीवर. झडप पूर्ण बंद अडकली असेल तर पहिल्या दोन आकड्यांत २० अंशांहून जास्त फरक दिसतो. भारावर चालताना रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या टाकीत ५ ते १० अंशांचा फरक ही निरोगी स्थिती. फरक २०-२५ वर गेला तर पाणी कमी वाहते आहे. फरक जेमतेम २-३ अंश आणि दोन्ही टाक्या रसरशीत तापलेल्या असतील तर पाणी भरपूर वाहते आहे, वारा मिळत नाही. मग दोष जाळीतल्या भुशाचा, पट्ट्याचा किंवा फॅनचा, थर्मोस्टॅटचा नाही.

पाणी कमी वाहते असे निघाले तर रेडिएटरच्या संपूर्ण पृष्ठभागावर बंदूक फिरवा. मध्येच गार पट्टे लागले तर नळ्या बुजल्या आहेत. तापमान वरून खाली सारखे उतरत गेले तर संशय थर्मोस्टॅटवर येतो. मात्र अर्धवट उघडणारी झडप बाहेरून शंभर टक्के पकडता येत नाही. ती काढूनच बघावी लागते.

काढताना इंजिन थंड हवे. रेडिएटरच्या खालच्या कॉकमधून दोन-तीन लिटर पाणी स्वच्छ बादलीत काढा, पातळी थर्मोस्टॅटच्या घराखाली गेली की पुरे. कुलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचे द्रव्य) असेल तर बादली झाकून ठेवा. कुलंटची चव गोडसर असते, कुत्री आणि जनावरे ते पितात आणि ते विषारी आहे. घराचे दोन-तीन बोल्ट बहुधा १२ किंवा १३ च्या पान्याचे असतात. ते जाम असतील तर जोर लावून तोडू नका. गंज सोडवणारे तेल टाकून थांबा, डोक्यावर हलके ठोके द्या, मग मागे-पुढे करत सोडवा. थर्मोस्टॅट निघाल्यावर त्या भोकात स्वच्छ फडके कोंबा, म्हणजे जुने पॅकिंग खरवडताना तुकडे आत पडणार नाहीत.

आता पातेल्याची परीक्षा. पातेले जुने घ्या, पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. थर्मोमीटर ११० अंशांपर्यंत दाखवणारा हवा, तापाचा चालत नाही. थर्मोस्टॅटची झडप बोटाने किंवा स्क्रू ड्रायव्हरने किंचित उघडून फटीत जाड दोरा अडकवा आणि त्या दोऱ्यानेच तो पाण्यात लोंबकळत ठेवा. थर्मोमीटरही त्याच उंचीवर धरा. दोन्ही तळाला टेकता कामा नयेत, कारण तळ पाण्यापेक्षा जास्त गरम असतो. पाणी ढवळत राहा. ७० अंशांनंतर आच मंद करा, मिनिटाला एक-दोन अंशच चढू द्या. मेणाला उष्णता पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे भराभर तापवले तर चांगला थर्मोस्टॅटही उशिरा उघडल्यासारखा दिसतो. झडप सुटून थर्मोस्टॅट दोऱ्यावरून खाली पडला तो क्षण म्हणजे उघडण्याचे तापमान. कोरलेल्या आकड्यापेक्षा २-३ अंश इकडे-तिकडे चालते. ८ अंश उशीर चालत नाही.

परीक्षा इथे संपत नाही, तुमच्या बाबतीत तर खरी इथून सुरू होते. पाणी तापवत राहा आणि ९५ च्या पुढे झडप किती उचलली ते मोजा. पुष्कळ थर्मोस्टॅटमध्ये ती ८ मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा पुस्तिकेतून घ्या किंवा त्याच नंबरचा नवा नग शेजारी टांगून तुलना करा. नवा पूर्ण उघडला आणि जुना ३ मिलिमीटरवर थांबला तर तुमच्या रोटाव्हेटरच्या तक्रारीचे कारण सापडले. दोन्ही सारखेच उघडले तर थर्मोस्टॅट निर्दोष आहे आणि रेडिएटर आतून साफ करून घेण्याची वेळ आहे. शेवटी तो बाहेर काढून गार होऊ द्या. झडप पूर्ण मिटून फट राहत नाही ना, ते उजेडाकडे धरून पाहा.

थर्मोमीटर नसेल तर पाण्याला सरळ उकळी आणा. परभणीसारख्या चारशे-साडेचारशे मीटर उंचीच्या भागात पाणी ९८-९९ अंशांना उकळते, तेवढ्यात ८२ चा थर्मोस्टॅट पूर्ण उघडलाच पाहिजे. ८८ च्या नगाला ही कसोटी अपुरी पडते.

प्रश्न : मागच्या वर्षी गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढून टाकला. थंडीत ट्रॅक्टर सकाळी बराच वेळ पांढरा धूर टाकायचा, डिझेलही जास्त खाऊ लागला. आता उन्हात पल्टी नांगराला लावला तर उलट तापतो! थर्मोस्टॅट नसताना तापतोच कसा? (सांगोला)

उत्तर : दोन्ही गोष्टी त्या एका कामामुळे होऊ शकतात.

थर्मोस्टॅट बंद असताना पाणी इंजिनातच फिरत राहावे म्हणून त्याच्या घरापासून पंपाकडे एक आडवाट ठेवलेली असते, कुठे छोट्या होजची तर कुठे ओतीव भागातच कोरलेली. बऱ्याच थर्मोस्टॅटना खालच्या टोकाला दुसरी चकती असते. वरची झडप उघडते तशी ही चकती आडवाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला की आडवाट कायमची उघडी राहते. पंपाला रेडिएटरच्या बारीक नळ्यांपेक्षा ती वाट सोपी, म्हणून गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला न भेटता पुन्हा इंजिनात शिरतो. हलक्या कामाला हे खपून जाते, पल्टी नांगराच्या भाराला नाही. ज्या इंजिनात ही दुसरी चकती नसते तिथे तापण्याचा त्रास कमी, पण थंड चालण्याचा त्रास सगळीकडे तोच.

आणि थंड चालणे हे दिसते त्यापेक्षा महागात पडते. डिझेल नीट जळत नाही, पांढरा धूर येतो, न जळालेले डिझेल लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याच्या) भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये मिसळते, ऑइल पातळ होते, आत काळा चिखल साचतो. सिलिंडरमध्ये दमटपणा धरून आम्ल तयार होते आणि रिंगा व लायनर झिजतात. हे मीटरवर कुठेच दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षे चालू राहते. ‘आपल्याकडे उन्हाळा कडक, थर्मोस्टॅट हवा कशाला’ हा समज आम्हाला सर्वांत नुकसानकारक वाटतो. मराठवाड्यातला मे महिना असला तरी इंजिनला ८०-९० अंशच हवे असतात, आणि ते राखायचे काम या झडपेचे आहे.

तुमच्या मॉडेलच्या नंबरचा थर्मोस्टॅट बसवा. खाली चकती असलेल्याच्या जागी बिनचकतीचा बसवू नका, व्यास जुळला तरीही. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. त्यानंतरही नांगराला तापला तर वरच्या उत्तरातला क्रम लावा. कदाचित मूळ दोष दुसराच असेल आणि त्यासाठी थर्मोस्टॅटचा बळी गेला असेल.

प्रश्न : नवा थर्मोस्टॅट टाकला आणि पहिल्याच दिवशी दहा मिनिटांत काटा लाल. दुकानदार म्हणतो, माल चांगला आहे. (निफाड)

उत्तर : माल चांगला असू शकतो. पुढच्या चार गोष्टी पाहा.

तो उलटा बसलाय का? मेणाची डबी नेहमी इंजिनच्या गरम पाण्याकडे हवी. उलटा बसला तर डबी रेडिएटरच्या गार बाजूला राहते आणि तिला उष्णताच कळत नाही. नव्या थर्मोस्टॅटनंतर लगेच तापण्याच्या तक्रारीत हे पहिल्यांदा बघावे.

आत हवा अडकली आहे का? थर्मोस्टॅटच्या कड्यावर बारीक भोक असते, कधी त्यात हलणारी छोटी पिन असते. पाणी भरताना हवा तिथूनच निसटते. थर्मोस्टॅट उभा बसत असेल तर हे भोक सर्वांत वरच्या बाजूला यायला हवे. हवेचा फुगा डबीभोवती राहिला तर पाणी उकळायला लागले तरी झडप उघडत नाही. पाणी एकदम ओतू नका, सावकाश भरा. ट्रॅक्टरचे तोंड थोडे चढावर ठेवा, वरचा होज हाताने दाबा-सोडा. मग झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू करा, पातळी उतरेल तसे पाणी घाला. होज गरम होऊन पातळी स्थिरावली की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी थंड असताना पातळी पुन्हा बघा, बहुधा अर्धा लिटर तरी लागतो.

पॅकिंगला भरमसाट गॅस्केट पेस्ट लावली होती का? तिचे लोळे आत सुटून झडपेत किंवा रेडिएटरच्या नळ्यांत अडकतात. नवे कागदी पॅकिंग आणि स्वच्छ पृष्ठभाग असेल तर पेस्टची गरज नसते. घर अॅल्युमिनियमचे असेल तर बोल्ट आळीपाळीने आवळा. ८ मिलिमीटरच्या बोल्टला २० न्यूटन-मीटरच्या आसपासचा ताण पुरतो. जास्त आवळला की आटे जातात आणि घर वाकून गळती सुरू होते.

शेवटची गोष्ट, नवाच नग सदोष असण्याची. म्हणूनच आमचा आग्रह असा, की नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात घालून बघावा.

प्रश्न : ८२ ऐवजी ७१ चा टाकला तर ट्रॅक्टर थंड राहील का? (कन्नड)

उत्तर : नाही. थर्मोस्टॅट कमीत कमी तापमान ठरवतो, जास्तीत जास्त नाही. भारावर ९५ च्या पुढे दोघेही पूर्ण उघडेच असतात. तिथून पुढे सगळे रेडिएटर, वारा आणि पंप यांच्या हातात. ७१ चा टाकून लाल पट्टा फार तर काही मिनिटे उशिरा गाठाल, आणि हलक्या कामाला इंजिन कायम थंड चालेल.

प्रश्न : ऊस वाहताना चढाला रेडिएटरमधून पाणी बाहेर फेकले जाते. थर्मोस्टॅट बदलून झाला. इंजिन थंड असतानाही झाकण उघडून सुरू केले की बुडबुडे येतात. (शिरोळ)

उत्तर : तुमचे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. थंड इंजिनात सतत बुडबुडे येणे म्हणजे ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो आहे. हेड गॅस्केट जळालेले किंवा हेडला चीर. खात्रीसाठी थंड असताना पाणी गळ्यापर्यंत भरा, पंपाचा पट्टा काढा म्हणजे पंपाची ढवळाढवळ मधे येणार नाही, आणि इंजिन जास्तीत जास्त एक मिनिट चालवा. तरीही बुडबुडे आले तर शंका उरत नाही. झाकण लावून सुरू केल्यावर पाणी गार असतानाच वरचा होज दगडासारखा कडक होणे हीही तीच खूण. ऑइलच्या पट्टीवर दुधासारखा रंग दिसला तर ट्रॅक्टर तसाच चालवू नका. हेड काढल्यावर नुसते गॅस्केट बदलून बसवू नका, हेड सपाट आहे का ते पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासून घ्या.

बुडबुडे नसते तर आम्ही आधी झाकण बघायला सांगितले असते. झाकणावर ७ पीएसआय किंवा ०.५ बार असा आकडा असतो. एवढ्या दाबाखाली साधे पाणी ११० अंशांच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर फाटले की दाब राहत नाही, मग पाणी शंभरच्या आतच उकळून बाहेर पडते आणि दोष थर्मोस्टॅटवर येतो. ट्रॉलीच्या वा ट्रॅक्टरच्या ब्रेकची चाके गरम होत नाहीत ना, हेही बघा. घासणारा ब्रेक इंजिनवर विनाकारण भार टाकतो.

प्रश्न : चालू कामात काटा लाल झाला तर लगेच बंद करायचा की चालू ठेवायचा? घरच्यांचे यावर एकमत नाही. (वैजापूर)

उत्तर : भार काढा, पीटीओ (रोटाव्हेटरसारखी अवजारे फिरवणारा मागचा दांडा) सोडा आणि तीन ते पाच मिनिटे मंद आरपीएमवर चालू ठेवा. पाणी फिरत राहते आणि हेडमधली उष्णता सावकाश उतरते. मात्र पट्टा तुटला असेल, होज फुटला असेल किंवा पाणीच संपले असेल तर लगेच बंद करा, कारण फिरवायला काही उरलेले नाही. झाकण तेव्हा उघडू नका; वरचा होज हातात धरता येईल इतका गार झाला की जाड फडके टाकून आधी एका टप्प्यापर्यंत फिरवा, दाब जाऊ द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनवर किंवा इंजिनात गार पाणी ओतले की हेडला चीर जाण्याची भीती असते. आणि इंजिन एकदा खरोखर उकळले असेल तर थर्मोस्टॅट तपासल्याशिवाय पुन्हा कामाला लावू नका. त्या तापमानाला डबीतले रबर खराब होते.

प्रश्न : दर वर्षी थर्मोस्टॅट जाम होतो. पाणी बोअरचे घालतो. (करमाळा)

उत्तर : कारण तुम्हीच लिहिले आहे. बोअरच्या पाण्यातले क्षार सर्वांत गरम जागी, म्हणजे हेडमध्ये आणि थर्मोस्टॅटच्या दांडीवर बसतात. वाफ होऊन कमी झालेल्या पाण्याच्या जागी रोज तसलेच पाणी घातल्याने दरवेळी नवे क्षार जातात. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे वापरा, किंवा तयार मिश्रण घ्या. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घालायचे नाही. कुलंटचा उत्कलनबिंदू वाढतो हा फायदा आहेच, पण त्यातली गंजरोधक द्रव्ये जास्त मोलाची. वेट लायनरच्या (ज्याला बाहेरून थेट पाणी लागते अशा लायनरच्या) इंजिनात साध्या पाण्यामुळे लायनरला बाहेरून सुईच्या टोकाएवढी भोके पडत जातात, ती या द्रव्यांमुळे टळतात. आधी व्यवस्था आतून साफ करून घ्या, पण संडास साफ करायचे आम्ल रेडिएटरमध्ये ओतू नका; ते अॅल्युमिनियम आणि सांध्यांचा डाग (सोल्डर) दोन्ही खाते.

प्रश्न : काटा कधी लाल, कधी एकदम खाली. इंजिनला हात लावला तर फार तापलेले वाटत नाही. (मंठा)

उत्तर : हेडलाईट लावल्यावर काटा सरकतो का बघा. सरकत असेल तर अर्थिंग सैल आहे. नसेल सरकत, तर सेन्सरजवळ टेप लावून बंदुकीने तापमान मोजा. तिथे ८५ आणि काटा लाल असेल तर सेन्सर किंवा वायर बदला. एक अपवाद ध्यानात ठेवा : पाणी फार कमी झाले की सेन्सर हवेत उघडा पडतो आणि काटा खाली येतो, इंजिन मात्र आत जळत असते. म्हणून आधी पातळी बघा.

प्रश्न : आमच्या आयशरला रेडिएटरच नाही. त्यात थर्मोस्टॅट कुठे असतो? (मोहोळ)

उत्तर : आयशरची काही मॉडेल हवेने थंड होणारी आहेत. त्यांत रेडिएटर, पाण्याचा पंप आणि हा थर्मोस्टॅट यांतले काहीच नसते. तापत असेल तर ब्लोअरचा पट्टा, हवा वळवणारे पत्रे जागेवर आहेत का, आणि सिलिंडरच्या फिन्समधला (बाहेरच्या पातळ पाकळ्यांमधला) तेलकट भुसा या तीन गोष्टी बघा. मळणीनंतर तो भुसा इंजिन गार असताना लाकडी काडीने आणि हवेच्या झोताने काढावा. या पाकळ्या नाजूक असतात, लोखंडी खरवडणी वापरू नये.